पंख्याच्या घराला किती तारे?

फ्रीज घ्यायला निघालेले मध्यमवर्गीय कुटुंब आज त्याच्या दारावरचे तारे मोजल्याशिवाय पैसे देत नाही. केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने २००६ मध्ये तारांकनाची ही पद्धत सुरू केली आणि अवघ्या काही वर्षांत ती घराघरांत पोहोचली. पाच तारे म्हणजे वीजबिल कमी, हे आता शाळकरी मुलालाही कळते. पण तेच कुटुंब पंधरा-वीस वर्षांचे कर्ज काढून घर घेते, तेव्हा काय विचारते? कार्पेट एरिया किती, गाडी कुठे लावायची, लिफ्ट किती, स्टेशन किती लांब. वास्तुशास्त्रावर श्रद्धा असलेले मुख्य दाराची दिशाही पारखून घेतात. मात्र दाराची दिशा विचारणारे खिडकीची दिशा विचारत नाहीत. पश्चिमेची भिंत कशाची आहे, वरचा स्लॅब उघडा आहे की त्यावर काही आच्छादन आहे, खिडकीचा किती भाग प्रत्यक्ष उघडतो, हे प्रश्न कुणाच्या मनातही येत नाहीत. फ्रीज दहा-पंधरा वर्षे टिकतो. घर पन्नास वर्षे उभे राहते आणि त्यातल्या प्रत्येक उन्हाळ्याचा ताप किंवा सुख त्या भिंती ठरवत असतात.

वस्तुतः घरांनाही तारे देण्याची योजना देशात अस्तित्वात आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये ब्युरोने निवासी इमारतींसाठी एक ते पाच ताऱ्यांचे ऐच्छिक तारांकन जाहीर केले. त्याच्या दोनच महिने आधी, १४ डिसेंबर २०१८ रोजी, राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिनी, तत्कालीन लोकसभाध्यक्ष सुमित्राताई महाजन यांच्या उपस्थितीत 'इको-निवास संहिता' प्रकाशित झाली होती. निवासी इमारतीच्या भिंती, छत आणि खिडक्या कशा असाव्यात याचे देशपातळीवरचे हे पहिले बंधन. गाजावाजा फारसा झाला नाही. वृत्तपत्रांनी आतल्या पानावर चार ओळी दिल्या आणि विषय संपला. खरे तर शासनाच्या कारभारात क्वचितच आढळणारी एक गोष्ट या संहितेत आहे. ती सामान्य माणसाला कळेल इतकी सोपी आहे आणि तरीही बांधकाम व्यवसायाच्या मर्मावर बोट ठेवते.

भिंतीचा हिशोब

संहितेचा गाभा म्हणजे एक आकडा. इमारतीच्या बाह्य आवरणातून, छत वगळता, दर चौरस मीटरमागे सरासरी किती वॉट उष्णता आत शिरते ते मोजायचे. थंड प्रदेश सोडून बाकी सर्व हवामान-विभागांत हा आकडा १५ वॉटच्या आत असला पाहिजे. यात तीन गोष्टींची बेरीज असते: भिंतीतून झिरपणारी उष्णता, काचेतून झिरपणारी उष्णता आणि काचेतून थेट येणारे ऊन. देशाचे हवामान-विभाग पाडलेले आहेत. मुंबई आणि कोकण उष्ण-दमट विभागात, सोलापूर उष्ण-कोरड्यात, तर नागपूर संमिश्र विभागात मोडते. प्रत्येक विभागाचे गुणक वेगळे. शिवाय कर्कवृत्ताच्या उत्तरेस आणि दक्षिणेस सूर्याची चाल वेगळी असते, म्हणून २३.५ अंश अक्षांशाची रेषा धरून दिशांचे गुणकही वेगळे दिले आहेत. सबंध महाराष्ट्र या रेषेच्या दक्षिणेस येतो. तेथे पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या भिंतीचा गुणक उत्तरेच्या भिंतीच्या पावणेदोनपट आहे. आजीला हे आकड्यांशिवाय ठाऊक होते. दुपारची झोप ती पश्चिमेच्या खोलीत घेत नसे.

आता हा हिशोब एका खऱ्याखुऱ्या प्रश्नाला लावून पाहू. मुंबई, ठाणे, पुणे परिसरात गेल्या काही वर्षांत उंच इमारती अॅल्युमिनियमचे साचे लावून, सबंध भिंत काँक्रीटची ओतून बांधल्या जातात. वीट नाही, गवंडी नाही, काम झपाट्याने होते. अशा १५० मिलिमीटर जाडीच्या काँक्रीट भिंतीतून, आत-बाहेर एक अंशाचा फरक असताना, दर चौरस मीटरला सुमारे ३.८ वॉट उष्णता जाते. नेहमीच्या नऊ इंची विटेच्या भिंतीचा हाच आकडा दोन ते अडीचच्या दरम्यान असतो आणि हलक्या सच्छिद्र एएसी ठोकळ्यांच्या आठ इंची भिंतीचा एकापेक्षाही कमी. उष्ण-दमट विभागात भिंतीचा गुणक ५.१५ आहे. ५.१५ गुणिले ३.८ म्हणजे साडेएकोणीस. दिशांचा सरासरी गुणक एक धरला, तर एकही खिडकी नसलेली काँक्रीटची पेटीसुद्धा १५ च्या मर्यादेत बसत नाही! तिला पंधरा टक्के साधी काच लावली की बेरीज चोविसाच्या पुढे जाते. त्याउलट विटेची चांगली भिंत असेल आणि खिडकीवर पुरेसे छज्जे असतील, तर इमारत काठावर का होईना, उत्तीर्ण होते. एएसीची भिंत असेल तर बाराच्या आत, आरामात.

बांधकामाच्या वेगाचे कौतुक करताना हा फरक कुणी सांगत नाही. काँक्रीटची भिंत दिवसभर तापते आणि साठवलेली उष्णता रात्री आत सोडते, म्हणजे नेमकी कुटुंब झोपायला आडवे होते तेव्हा. दमट हवेच्या गावात रात्रीचे तापमान तसेही फार उतरत नाही. मग शयनगृहात वातानुकूलन यंत्र येते. हप्त्याने आलेल्या त्या यंत्राचे बिल म्हणजे वस्तुतः भिंतीचे बिल असते. बांधकाम व्यावसायिकाने वाचवलेला पैसा घरमालक पुढील पन्नास वर्षे वीज कंपनीकडे भरत राहतो.

खिडकीबद्दलही संहितेने असाच एक व्यवहारी नियम घातला आहे. उष्ण-दमट विभागात घराच्या कार्पेट एरियाच्या किमान १६.६६ टक्के, म्हणजे एक षष्ठांश, इतके क्षेत्र प्रत्यक्ष उघडणारे असले पाहिजे. 'प्रत्यक्ष उघडणारे' हे शब्द महत्त्वाचे आहेत. आज सर्वत्र दिसणारी दोन फळ्यांची सरकती खिडकी कितीही सरकवली तरी निम्मीच उघडते. बिजागरीची, बाहेर उघडणारी खिडकी नव्वद टक्के उघडते. पन्नास चौरस मीटरच्या घराचे उदाहरण घ्या. नियमाप्रमाणे ८.३३ चौरस मीटर उघडे क्षेत्र हवे. घराला चार फुटी तीन सरकत्या खिडक्या आणि सज्जाला सहा फुटी सरकते दार असेल, तर हाती जेमतेम चार चौरस मीटर लागतात. निम्मेसुद्धा नाही. त्याच भोकांना बिजागरीची तावदाने लावली तर सव्वासात चौरस मीटर होतात आणि स्वयंपाकघराची व न्हाणीघराची झडप धरली की नियमाच्या जवळ पोहोचता येते. भिंतीतील छिद्र तेच, खर्चातील फरक किरकोळ. पण सरकती खिडकी जागा अडवत नाही, दिसायला 'आधुनिक' दिसते, म्हणून ती जिंकली. आजोबांच्या घरातील दोन पाखी खिडकी, वरची फळी वेगळी आणि खालची वेगळी उघडणारी, ही मागासलेपणाची खूण ठरली.

छताचा विचार तर अधिकच आवश्यक आहे. मुंबईच्या अक्षांशावर मे महिन्याच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस सूर्य दुपारी अगदी डोक्यावर येतो, त्या दिवशी उभ्या काठीची सावली पडत नाही. याचा अर्थ असा, की उष्ण कटिबंधात सर्वांत जास्त ऊन झेलणारा पृष्ठभाग भिंत नसून छत असते. युरोपातील घराचे छत मुख्यतः बर्फ आणि पाऊस थोपवण्यासाठी, आपल्याकडे ते ऊन थोपवण्यासाठी. संहितेने छताला दर अंशामागे १.२ वॉटची मर्यादा घातली आहे. उघड्या काँक्रीट स्लॅबचा आकडा साडेतीनच्या आसपास जातो. त्यावर ब्रिकबॅट कोबा घातला तर गळती थांबते, उष्णता थोडीशीच कमी होते. फुटलेल्या पांढऱ्या फरशीचे तुकडे बसवून केलेली चायना मोझॅकची गच्ची ऊन परतवते आणि तिला विशेष खर्चही येत नाही. अनेक गृहनिर्माण संस्थांनी गळतीला कंटाळून गच्चीवर पत्र्याची शेड घातली आणि वरच्या मजल्याची रहिवासी मंडळी अचानक समाधानी झाली, ती यामुळेच. सावलीतली गच्ची तापत नाही, इतके साधे तत्त्व आहे.

चोवीस अंशांचा आग्रह

संहिता इथपर्यंत वाखाणण्याजोगी आहे. प्रश्न सुरू होतो तो ताऱ्यांपाशी. घराचे तारांकन ठरते ते दर चौरस मीटरला वर्षाकाठी किती युनिट वीज लागेल या निर्देशांकावर. त्यात वातानुकूलनाचा हिशोब २४ अंशांवर धरला जातो. जानेवारी २०२० पासून देशात विकल्या जाणाऱ्या खोलीच्या वातानुकूलन यंत्रांना २४ अंश हेच मूळ तापमान ठरवून दिले आहे आणि अठरावर यंत्र चालवून रजई पांघरणाऱ्यांच्या तुलनेत ते शहाणपणाचेच आहे. परंतु घराची परीक्षा म्हणून २४ अंश धरणे ही निराळी गोष्ट. त्यात घर म्हणजे बंद करून थंड करायची पेटी हे गृहीतक लपलेले असते.

हे गृहीतक आले कोठून? माणसाला कोणते तापमान सुखावह वाटते याचे विसाव्या शतकातील सर्वमान्य शास्त्र डेन्मार्कच्या ओले फँगर यांनी १९७० मध्ये ग्रंथबद्ध केले. त्यामागचे प्रयोग बंद खोल्यांत डॅनिश आणि अमेरिकी विद्यार्थ्यांवर झाले होते. शास्त्र म्हणून ते उत्तमच होते. चूक झाली ती त्यांचा निष्कर्ष रत्नागिरीच्या आणि चेन्नईच्या माणसाला जसाच्या तसा लावण्यात. उघड्या खिडकीच्या घरात राहणारा माणूस ऋतूप्रमाणे सरावतो, कपडे बदलतो, पंखा लावतो, ओटीवर येऊन बसतो. रिचर्ड डी डिअर आणि गेल ब्रेगर या संशोधकांनी १९९८ मध्ये जगभरच्या निरीक्षणांवरून हे दाखवून दिले आणि अमेरिकेच्या मानकानेही २००४ मध्ये ते स्वीकारले. पुढे अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने अहमदाबाद, बंगळूर, चेन्नई, दिल्ली आणि सिमला या पाच शहरांतील कार्यालयांत हजारो लोकांना प्रत्यक्ष विचारून भारतीय सूत्र मांडले. गेल्या तीस दिवसांच्या बाहेरील सरासरी तापमानाला ०.५४ ने गुणायचे आणि त्यात १२.८३ मिळवायचे, खिडक्या उघड्या असलेल्या इमारतीत माणसाला सुखावह वाटणारे तापमान ते. बाहेरची सरासरी ३० अंश असेल तर उत्तर येते २९. त्याच्या वरखाली सुमारे २.४ अंशांपर्यंत नव्वद टक्के लोकांची तक्रार नसते. म्हणजे मे महिन्यात एकतीस अंशांच्या खोलीत पंख्याखाली बसलेला भारतीय माणूस कष्ट सोसत नसतो, तो बरा असतो. हे सूत्र २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेतही आले आणि घरांसाठी त्याच विद्यापीठाने पुढे स्वतंत्र अभ्यास केला.

चोवीस आणि एकतीस. या सात अंशांच्या अंतरात भारताच्या विजेचा केवढा मोठा प्रश्न दडला आहे! छताचा साधा पंखा सुमारे ७५ वॉट घेतो, नवा बीएलडीसी पंखा तीस-पस्तीस. दीड टनी साधे वातानुकूलन यंत्र चालू असताना दीड किलोवॅटच्या आसपास घेते, म्हणजे वीस पंख्यांची वीज. मार्च २०१९ च्या भारत शीतलीकरण कृती आराखड्यात नोंदवले होते, की तेव्हा देशातील जेमतेम आठ टक्के कुटुंबांकडे वातानुकूलन होते; आणि २०१७-१८ च्या तुलनेत २०३७-३८ पर्यंत शीतलीकरणाची एकूण मागणी आठपटीच्या घरात जाईल. उरलेल्या कुटुंबांनी यंत्र घेऊ नये, असे सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. ज्याच्या घरात तान्हे मूल आहे, आजारी वृद्ध आहे, त्याला थंडावा हवाच. २०१० च्या मे महिन्यात अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला आणि त्या एका महिन्यात शहरात नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक मृत्यू झाले. तेथील महापालिकेने २०१३ मध्ये देशातला पहिला उष्णता कृती आराखडा केला तो या अनुभवातून. तेव्हा प्रश्न यंत्र असावे की नसावे हा नाहीच. वर्षातील किती तास त्या यंत्रावाचून घर सुसह्य राहते, हा आहे. तारे मोजायचे तर ते तास मोजावेत.

एकाच मापाचा आणखी एक तोटा पाहण्यासारखा आहे. समजा, ४५ चौरस मीटरच्या घरात पाच माणसांचे कुटुंब आहे आणि हिशोबाने त्यांना वर्षाला १,८०० युनिट लागतात. दर चौरस मीटरला ४० युनिट झाले. दुसरीकडे तीन माणसांचा २०० चौरस मीटरचा प्रशस्त फ्लॅट, वर्षाला ६,००० युनिट. दर चौरस मीटरला तीसच! म्हणजे माणशी साडेपाचपट वीज वापरणारे घर अधिक कार्यक्षम ठरले. मोठे घर असणे हा गुन्हा नव्हे; पण चौरस मीटरने भागाकार करताना माणूस गळून पडतो, हे मान्य करायला हवे.

डार्विनचा धडा

या चुका इतरांनी आपल्याआधी करून पाहिल्या आहेत, हे आपले भाग्य. ऑस्ट्रेलियाने १९९३ पासून घरांना राष्ट्रीय पातळीवर तारे देण्याची पद्धत विकसित केली. त्या देशाचा दक्षिण भाग थंड, तर डार्विन आणि केर्न्ससारखी उत्तरेची शहरे आपल्या कोकणासारखी उष्ण आणि दमट. सुरुवातीची संगणकप्रणाली तापवाव्या किंवा थंड कराव्या लागणाऱ्या बंद घराच्या हिशोबाने चाले. परिणामी खांबांवर उचललेले, चहूबाजूंनी पडवी असलेले, झडपांच्या खिडक्यांमधून वारा खेळवणारे उत्तरेकडचे पारंपरिक लाकडी घर कमी ताऱ्यांचे ठरू लागले आणि बंद काचेचे, यंत्रावर चालणारे घर त्याच्या पुढे जाऊ लागले. उत्तरेकडील वास्तुविशारदांनी त्यावर आवाज उठवला. पुढच्या पिढीच्या प्रणालीत वाऱ्याच्या वहनाचा हिशोब सुधारण्यात आला, घराच्या आकारासाठी दुरुस्ती-गुणक आला आणि क्वीन्सलँड राज्याने छत व पंखा असलेल्या उघड्या पडवीला ताऱ्यांत सवलत दिली. पडवीला तारा! वाद आजही पूर्ण मिटलेला नाही, पण पडवी ही राहण्याची जागा आहे, वाया गेलेले चौरस फूट नव्हेत, हे एका प्रगत देशाच्या नियमात लिहिले गेले.

आपल्याकडे पडवीचे काय झाले? सज्जा खोलीत घेऊन काचा लावणे हा मुंबईकराचा राष्ट्रीय छंद आहे. त्याला जागेच्या भावाने लाचार केले, हे खरे. परंतु चार्ल्स कोरिया यांनी १९८३ मध्ये पूर्ण झालेल्या मुंबईच्या 'कांचनजंगा' इमारतीत हाच पेच किती सुंदर सोडवला होता! समुद्राचा वारा आणि देखावा पश्चिमेला, पण कडक ऊन आणि पावसाचा मारादेखील तिकडूनच. जुन्या बंगल्यांच्या खोल्यांभोवती पडव्या असत, तेच तत्त्व त्यांनी अठ्ठावीस मजले उंच नेले आणि दुमजली उंचीच्या बागसज्जांनी घर झाकले. ती श्रीमंतांची इमारत होती, हा आक्षेप रास्त आहे. मग केरळातील लॉरी बेकर पाहा. विटा उभ्या ठेवून मध्ये पोकळी राखणारी त्यांची भिंत विटांत सुमारे पाव भागाची बचत करते आणि आतली हवा उष्णता अडवते. ती त्यांनी गरिबांच्या घरांत वापरली.

इथे एक सावधगिरी हवी. जुने ते सारे सोने, असे म्हणून भागणार नाही. खानदेश-मराठवाड्यातील धाब्याचे घर उन्हाळ्यात गार असते, पण त्याचे माळवद दर पावसाळ्यापूर्वी चोपून घ्यावे लागते आणि ते काम करायला आज घरात माणसे नाहीत. पुण्याच्या वाड्यातील चौक वारा खेळवी. त्याच वाड्यातील माजघर अंधारे आणि धुराने काळवंडलेले असे. कोकणातील चिऱ्याच्या भिंती आणि कौले दमट हवेला उत्तम, पण बारा मजली इमारतीला चिरा लावता येत नाही. शिवाय जुन्या घराला डासांचा आणि चोरांचा उपद्रव असे, आज त्यात धूळ आणि भोंग्यांची भर पडली आहे. रात्री उघडी ठेवता येत नाही ती खिडकी कागदावर कितीही मोठी असली तरी वाऱ्याच्या कामाची नाही. जाळी, गज आणि पावसातही उघडी राहील अशी तिरकी झडप यांचा विचार तारांकनात व्हायला हवा. वारसा म्हणून वाडा जपायचा तो जपावा. घर बांधताना मात्र त्यातले तत्त्व घ्यायचे, माती नव्हे.

आणि तत्त्व आजच्या स्वस्त घरालाही लागू पडते, याचा दाखला राजकोटमध्ये आहे. पंतप्रधान आवास योजनेखाली तेथे उभारलेल्या १,१७६ घरांच्या 'स्मार्ट घर-३' वसाहतीच्या आराखड्यात भारत-स्वित्झर्लंड सहकार्य प्रकल्पातील तज्ज्ञांनी लक्ष घातले. एएसीच्या भिंती, अंशतः काच आणि अंशतः अपारदर्शक फळी असलेल्या पूर्ण उघडणाऱ्या खिडक्या, आणि नळ नेण्याच्या मोकळ्या जागेतून रात्री हवा खेचून घेण्याची सोय. एवढेच. आराखड्याच्या अभ्यासानुसार वर्षाच्या ८,७६० तासांपैकी सुसह्य तास सुमारे २,६०० वरून ६,३०० वर गेले आणि उन्हाळ्यातील खोलीचे कमाल तापमान पाच अंशांहून अधिक उतरले. घरे अल्प उत्पन्न गटाची. वातानुकूलन यंत्र कोणी दिले नव्हते. या घरांचे यश मोजायला 'वाचलेले युनिट' हे माप अपुरे पडते, कारण तेथील कुटुंब तशीही फार वीज वापरत नव्हते. त्यांना मिळाली ती झोप. चोवीस अंशांच्या मापाला झोप दिसत नाही.

कायद्याची उंची आणि गच्चीखालचे घर

डिसेंबर २०२२ मध्ये संसदेने ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती केली आणि निवासी इमारती प्रथमच कायद्याच्या कक्षेत आल्या. मात्र मर्यादा ठेवली ती १०० किलोवॅट जोडभाराची किंवा १२० केव्हीए मागणीची. ही उंची मोठ्या संकुलांची आहे. ती खाली आणण्याची मुभा राज्यांना दिलेली आहे आणि इको-निवास संहिताही मुळात ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांसाठी आहे. म्हणजे तालुक्याच्या गावातील तीन मजली इमारत आणि खेड्यातील घरकुल दोन्ही बाहेरच. खरे तर पत्र्याच्या किंवा उघड्या स्लॅबच्या घरकुलाला या शास्त्राची गरज सर्वाधिक आहे.

दुसरी उणीव अधिक सूक्ष्म आहे. पंधरा वॉटची मर्यादा सबंध इमारतीच्या सरासरीला आहे. सरासरीत उत्तरेचा गारवा पश्चिमेच्या तापाला झाकून टाकतो. पण कोणतेही कुटुंब सरासरीत राहत नाही. ते सातव्या मजल्यावरच्या पश्चिम कोपऱ्यात राहते. त्याच इमारतीत मधल्या मजल्यावरचे उत्तरमुखी घर आणि गच्चीखालचे पश्चिममुखी घर यांची किंमत ठरवताना बिल्डर 'व्ह्यू' बघून दर लावतो. उन्हाचा दर कुठेही लागत नाही. स्थावर संपदा कायद्याने २०१७ पासून कार्पेट एरिया सांगणे बंधनकारक केले, तेव्हाही ते अशक्य असल्याची ओरड झाली होती. आज करारात तो आकडा निमूटपणे छापला जातो. त्याच करारात त्याच घरासाठी, इमारतीसाठी नव्हे, तीन आकडे छापायला काय हरकत आहे: भिंतीतून व छतातून किती उष्णता येते, खिडकीचा किती टक्के भाग उघडतो, आणि यंत्रावाचून वर्षातील किती तास घर सुसह्य राहते? पहिले दोन आकडे वास्तुविशारदाच्या नकाशातून तासाभरात निघतात. तिसऱ्यासाठी संगणक लागतो, तोही आता प्रत्येक कार्यालयात आहे. तारे द्यायचे तर या तीन आकड्यांवर द्यावेत आणि वातानुकूलनाची वीज चौथ्या क्रमांकावर, वेगळी सांगावी. पंख्यावर चालणाऱ्या घराला मग आपोआप न्याय मिळेल.

व्यावसायिकांचा प्रतिवाद ठरलेला आहे: घरे महाग होतील. काही प्रमाणात ते खरेही आहे. काँक्रीटची भिंत सोडून ठोकळ्यांची भिंत घेतली तर वेळ वाढतो आणि वेळ म्हणजे व्याज. पण छज्जा दीड फुटाऐवजी दोन फूट केल्याने, तावदान सरकते न ठेवता बिजागरीचे केल्याने, गच्ची पांढरी केल्याने आणि जिना व लिफ्ट पश्चिमेला टाकून शयनगृहे उत्तरेला घेतल्याने घर महाग होत नाही. यातील शेवटची गोष्ट तर केवळ नकाशावरच्या पेन्सिलीची आहे.

हा विषय केवळ दिल्लीच्या दफ्तरात राहू नये, यासाठी सध्या महाराष्ट्रात एक संधी चालून आली आहे. मुंबई, ठाणे आणि पुणे येथील शेकडो जुन्या गृहनिर्माण संस्था पुनर्विकासाच्या उंबरठ्यावर आहेत. विशेष सर्वसाधारण सभांत रात्री अकरापर्यंत वाद चालतात ते वाढीव क्षेत्राचे टक्के, कॉर्पस निधी आणि गाडीच्या जागेवर. या सभांत बसणारी मंडळी शिकलेली आहेत. निवृत्त अभियंते आहेत, बँकेतले अधिकारी आहेत, समाजकार्यात मुरलेले कार्यकर्ते आहेत. निविदेच्या मसुद्यात त्यांनी चार ओळी घालून घ्याव्यात: बाह्य भिंतीचा उष्णता-आकडा इतका, छताचा १.२ च्या आत, उघडे क्षेत्र एक षष्ठांश, पश्चिमेच्या काचेला छज्जा. बिल्डर निवडण्यापूर्वी हे लिहिले गेले तर ते मिळते. करारावर सही झाल्यानंतर मिळतो तो फक्त रंगाचा तक्ता.